दुसरी सही

गांवस क्लार्कनं चष्मा वर सरकवून विचारलं,
"बाय, लग्न झालंय की व्हायचंय?"
माझ्या मागं थोरली उभी, सातवा महिना लागलेली.
मी म्हटलं, दोन्ही.

निकाह झाला मस्कतला, रूवीत,
गॅरेजच्या वरच्या खोलीत.
साक्षीदार दोन : एक मलप्पुरमचा बेकरीवाला,
एक परकार, दाभोळकडचा ड्रायव्हर.
दाराआडून वकिलानं तीनदा विचारलं.
तीनदा मी हो म्हटलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं,
कारण खाली कुणीतरी हॉर्न तपासत होतं.
मेहर दीडशे रियाल. शंभर रोख.
पन्नास राहिले.

कागद आहे. हिरवट, अरबी,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.
अल्लाला तो वाचता येतो.
डिचोलीच्या कचेरीत कुणाला येत नाही,
लिस्बनमध्ये येत असेल, पण त्यांना वर शिक्का हवा,
शिक्क्यावर दुसऱ्या सरकारचा शिक्का,
आणि त्या काझीचं दफ्तर हल्ली कुठल्या इमारतीत
ते रूवीतही कुणी सांगत नाही.

सासरे एकावन्न साली मुसलमानवाड्यावर जन्मले,
पोर्तुगिजांच्या राज्यात, पोर्तुगिजांच्या वहीत.
त्या वहीत शेख हे नाव एक्सनं सुरू होतं,
सही न येणाऱ्यानं मारावी तशी फुली.
ती फुली धरून माझा इद्रूस लिस्बनपर्यंत पोचला,
तिथून स्विंडनच्या गोदामात, रात्रपाळीला.
आणि लिस्बनच्या वहीत त्याच्यापुढं लिहिलंय :
अविवाहित.
एजंटनं सांगितलं तेव्हा तो फोनवर हसला.

तीन बाळंतपणं. त्यातलं एक मूल गेलं.
नऊ वर्षं सासूचं अंथरूण.
हे सगळं मग कुठल्या बाईनं केलं?

तर परत लग्न.
आमच्या गोव्यात ते दोन सह्यांचं असतं.
पहिली केली, की दहा दिवस फळ्यावर नोटीस,
कुणाची हरकत असल्यास कळवावी.
बुधवारी बाजारातून येताना मी वळून बघून आले,
हातात बांगड्यांचा वास मारणारा, म्हणजे मासळीतल्या बांगड्यांचा, डबा.
जाळीमागं आमची नावं.
वय त्रेपन्न. वय एकोणपन्नास. व्यवसाय : घरकाम.
बाजूला नोटीस शोधणारा एक पोरगा म्हणाला, "ह्या वयात!"
त्याच्या पोरीनं त्याला कोपर मारलं.

इद्रूस पडवीत झोपला, थट्टेनं.
"दहा दिवस परपुरुष मी," म्हणाला.
तिसऱ्या रात्री मला ती थट्टा वाटेना.
आत पडून मी मनात अर्ज लिहिला :
माझी हरकत आहे.
ह्या माणसाला मी आवाजानं जास्त ओळखते.
त्याच्या चहात साखर किती, मला विचारावं लागलं,
पाहुण्याला विचारतात तसं.
खाली तारीख घालायची राहिली आणि झोप लागली.

दुसऱ्या सहीला गांवसनं वही फिरवून माझ्याकडं केली.
"वेगळा करार नाही ना केला?
मग ह्या सहीनं अर्धं तुमचं, बाय. घर, जमीन, सगळ्याचं अर्धं."
इद्रूस पंख्याकडं बघत राहिला.
मी विचारलं, "आणि मागचे अठ्ठावीस?"
"ते तुमच्या त्या कागदात. इथं आजपासून."

मी मराठीत सही केली,
शाळेत गिरवलेली. ह जसा सुटा काढायचे तसाच क सुटला,
रु आणि य्याच्या मधे एकटा.
थोरलीनं मोबाईलवर फोटो काढला,
आईबापाच्या लग्नाला हजर असलेली मुलगी.

बाहेर चपला शोधताना मी म्हटलं,
"पन्नास रियाल."
तो म्हणाला, "आज?"
म्हटलं, "तारीख तर आजचीच पडलीय."